ठेलाऱ्यांची मुले

दिवाळीचे दिवे मालवून आठ-पंधरा दिवस झाले, बाजरीची कणसे खळ्यावर येऊन पडली, म्हणजे धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याच्या माळरानांवरून तापीच्या खोऱ्याकडे उतरणाऱ्या वाटांवर एक निराळीच वर्दळ सुरू होते. प्रथम दुरून नुसता धुळीचा लोट दिसतो. मग त्या धुळीतून मेंढ्यांच्या माना वर-खाली होताना दिसू लागतात. कळपापुढे खांद्यावर काठी आडवी टाकलेला व डोक्यास पागोटे गुंडाळलेला पुरुष चालत असतो. बाजूने दोन-तीन कुत्री पळत असतात. सर्वांत मागे तट्टे येतात. तट्टाच्या पाठीवर बाज, बाजेवर पाल, पालावर भांडी, भांड्यांच्या कडेला पाय बांधलेल्या कोंबड्या आणि या सर्वांच्या मध्ये एखादे दोन-अडीच वर्षांचे मूल घट्ट बसलेले असते. त्याच्या मांडीवर बहुधा एक कोकरू असते. दोघांचेही वय अजून चालण्याजोगे नसते, एवढाच त्याचा अर्थ!

हे ठेलारी होत. धनगरांचीच ही एक शाखा असून धुळे, नंदुरबार व जळगाव या जिल्ह्यांत तिची वस्ती आढळते. खानदेशातील ठेलारी हे पूर्वी गुराढोरांच्या पैदाशीसाठीही प्रसिद्ध होते. तापीकाठच्या खिल्लार बैलांस ‘तापी खिल्लार’ अथवा ‘थिल्लारी’ असे जे नाव आहे, ते या लोकांवरूनच पडले असे मानतात. आज मात्र मेंढी हेच त्यांचे मुख्य धन आहे. मेंढीला ओल सोसत नाही. चिखलात तिचे खूर कुजतात आणि भिजलेल्या लोकरीखाली तिचे अंग गारठते. म्हणून सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असलेला, बेताच्या पावसाचा हा कोरडा मुलूख तिला मानवतो. परंतु जो पाऊस मेंढीला मानवतो, तो गवताला पुरत नाही. कार्तिक सरता सरता माळावरचे गवत संपते आणि मग कळपाला घेऊन निघण्यावाचून गत्यंतर उरत नाही. पुढील सात-आठ महिने, म्हणजे पुन्हा मृगाचे ढग दिसू लागेपर्यंत, आकाश हेच या कुटुंबाचे छप्पर असते.

चार-सहा कुटुंबे एकत्र येऊन मुक्काम करतात. अशा मुक्कामाला वाडा म्हणतात. शहरातील चिरेबंदी वाड्याशी त्याचा नामसाम्यापलीकडे काही संबंध नाही. या वाड्याला भिंत म्हणून नसते. रात्री मेंढ्या कोंडण्यासाठी खुंट्यांना ताणून बांधलेली दोरीची जाळी, शेजारी तीन दगडांची चूल, दोन बाजा आणि पावसाची शंका आल्यास वर ओढायचे पाल, एवढाच त्याचा विस्तार असतो. कापूस वेचून झालेल्या किंवा ज्वारी कापून झालेल्या रानात शेतकरी वाडा बसवून घेतो. दोन-तीन रात्री शे-दोनशे मेंढ्या त्या रानात बसल्या, म्हणजे त्यांच्या लेंड्या व मूत्र यांनी जमिनीला उत्तम खत मिळते. त्याच्या बदल्यात ठेलाऱ्याला धान्य किंवा रोख रक्कम मिळते. शिवाय दिवसभर मेंढ्या पिकाचा राहिलेला पाला व कोंब खातात. शेतकरी आणि मेंढपाळ यांचा हा देण्याघेण्याचा व्यवहार फार जुना आहे आणि दोघांपैकी कोणासही तो उपकार वाटत नाही.

या वाड्यावर वाढणाऱ्या मुलाचे शिक्षण केव्हा सुरू होते, हे सांगणे कठीण आहे. त्याला मुहूर्त नसतो, पाटी नसते, गुरुजीही नसतात. पहाटे मेंढ्या उठण्यापूर्वी आजी त्याला हाक मारते आणि कोकरे आईला पाजायला सांगते. दिवसा कोकरे चरायला जात नाहीत. ती वाड्यावरच, म्हातारी माणसे व मुले यांच्या देखरेखीखाली राहतात. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक कोकरू त्याच्या आईजवळ पोचविणे, हे मुलांचे काम. पन्नास-साठ कोकरे एकदम ओरडत सुटलेली, तितक्याच माया हंबरत धावत आलेल्या, आणि त्या कल्लोळात सहा वर्षांची मुलगी एकेक कोकरू उचलून नेमके ज्याच्या त्याच्या आईखाली नेऊन सोडते. आई आपले पिलू वासावरून ओळखते. मुलीजवळ ते साधन नाही. ती ओळखते कानाच्या ठेवणीवरून, नाकावरच्या ठिपक्यावरून, ओरडण्याच्या सुरावरून. मेंढ्यांचे चेहरे सगळे सारखेच, असे म्हणणाऱ्या पाहुण्याकडे ही मुले नवलाने पाहतात. खुद्द मेंढ्यांचेही मत निराळेच आहे! 2001 साली इंग्लंडातील केंब्रिजजवळच्या बाब्राहम संस्थेतील शास्त्रज्ञांनी प्रयोगान्ती असे दाखविले की, मेंढी आपल्यासारख्या पन्नास मेंढ्यांचे चेहरे ओळखू शकते आणि ते दोन वर्षांहून अधिक काळ लक्षात ठेवते. मेंढपाळांच्या मुलांना ही गोष्ट सांगितली, तर शास्त्रज्ञांना एवढा उशीर का लागला, असेच ती विचारतील.

एखादी मेंढी विताना मरते. अशा वेळी तिच्या कोकरासाठी दुसरी आई शोधावी लागते, आणि ती सहजासहजी परक्या पिलाला जवळ येऊ देत नाही. मग एकाने तिला धरायचे, दुसऱ्याने कोकराच्या तोंडात सड द्यायचा, असे दिवसांतून चार-पाच वेळा, कित्येक दिवस करावे लागते. पहिल्या काही तासांत कोकराच्या पोटात चीक गेला नाही, तर ते रोगाला तोंड देऊ शकत नाही, हे या मुलांना ठाऊक असते; त्यासाठी मध्यरात्री उठावे लागले तरी ती कुरकुरत नाहीत. चिकाटी हा शब्द त्यांच्या कानावरून कधी गेला नसेल, पण कोकरू तगले की मेले यावरून त्यांना तिची परीक्षा रोज द्यावी लागते.

आठ-दहा वर्षांचा झाला म्हणजे मुलगा बापाबरोबर रानात जाऊ लागतो. तेथे त्याचे दुसरे शिक्षण सुरू होते. बाभळीच्या शेंगा मेंढ्यांना पौष्टिक. त्या काठीच्या आकडीने कशा पाडाव्या, फांदी न मोडता किती पाला तोडावा, हे तो पाहून शिकतो. पाण्याच्या ताणाने खुरटलेली कोवळी ज्वारी हिरवीगार दिसली तरी कळप तिच्यात घालायचा नाही, हे त्याला बजावून सांगितलेले असते. अशा ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल नावाचे जहाल विष तयार होते आणि थोड्याच वेळात जनावर तडफडून मरते. विषाचे नाव बापाला सांगता येत नाही. ते कोणत्या रानात, कोणत्या दिवसांत आणि किती उंचीच्या ताटात असते, हे मात्र तो अचूक सांगतो. घाणेरीच्या झुडपांपासूनही कळप दूर ठेवावा लागतो. मेंढीच्या तोंडात बोट घालून तिचे वय सांगणे, हाही याच अभ्यासाचा एक भाग होय. पुढचे दुधाचे दोन दात पडून मोठे दोन आले, म्हणजे ती साधारण सव्वा-दीड वर्षाची. चार आले म्हणजे दोनची. सहा म्हणजे तीनची. आठही दात आले, म्हणजे चार वर्षांची. बाजारात व्यापाऱ्याशी घासाघीस करताना हे गणित उपयोगी पडते, आणि तेथे चुकलेल्या उत्तराला शिक्षा छडीची नसून पैशाची असते.

सायंकाळी कळप परत आला, म्हणजे जाळीची एक बाजू उघडून मेंढ्या आत घेतल्या जातात. कर्ता पुरुष तोंडाशी उभा राहून त्या मोजतो. पण मोजण्यापूर्वीच पुष्कळदा त्याच्या ध्यानात येते की, अमुक मेंढी दिसत नाही. किती कमी आहेत यापेक्षा कोण कमी आहे, हे त्याला आधी समजते.

मग रात्र होते. कळपाच्या चारी कोपऱ्यांवर कुत्री बसतात आणि माणसे बाजेवर अर्धवट झोपतात. माळावरची टिटवी ही त्यांची पहारेकरीण. ती जमिनीवरच, मातीच्या रंगाची अंडी घालते. त्यामुळे तिच्या आसपास कोणी फिरकले की ती ओरडून रान डोक्यावर घेते. टिटवी कोणत्या दिशेला ओरडली आणि तिचा आवाज पुढे सरकतो आहे की एकाच जागी आहे, यावरून आजोबा अंधारात निदान करतात: हे कुत्रे आहे, हा कोल्हा आहे, हा तो आहे. ‘तो’ म्हणजे लांडगा. तो वाऱ्याच्या विरुद्ध अंगाने येतो, म्हणजे कुत्र्यांना त्याचा वास लागत नाही. त्यामुळे वाडा बसविताना वारा कोणीकडून आहे हे पाहून कुत्र्यांच्या व माणसांच्या जागा ठरवाव्या लागतात. लांडग्याने एखादे कोकरू उचलले, तर घरात दुःख होते, शिव्याशापही दिले जातात. तरीही लांडगा हा माळाचाच रहिवासी आहे, ही जाणीव मेंढपाळांना असते. ज्या उघड्या माळावर मेंढी चरते तोच लांडग्याचाही मुलूख आहे. भारतीय लांडगा हा घनदाट अरण्यात राहणारा पशू नव्हे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण मिळालेले आहे आणि देशात त्याची संख्या आता सुमारे 3,000 च उरली असावी असा अभ्यासकांचा अंदाज आहे. माळ नांगरले गेले, त्यांवर कारखाने व वस्त्या उभ्या राहिल्या, की मेंढपाळ व लांडगा या दोघांचेही पाय एकदमच तेथून निघतात. सरकारी दप्तरांत अशा जमिनीस ‘पडीक’ म्हणण्याची रीत आहे. ज्या जमिनीवर टिटवी अंडी घालते, मेंढी चरते, लांडगा पिले वाढवितो आणि माणसाचे मूल इतके शिकते, तिला पडीक म्हणावे हे चमत्कारिकच खरे.

अक्षर न शिकताही माणूस ज्ञानी होऊ शकतो, याविषयी खानदेशाला तरी वेगळा पुरावा नको. जळगावजवळच्या आसोद्याला जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्यांनी रचलेल्या ओव्या इतरांनी लिहून घेतल्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर 1952 साली त्या पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. पण या उदाहरणाचा अर्थ सावधपणे घेतला पाहिजे. बहिणाबाईंच्या ओव्या टिकल्या, त्या कोणाला तरी अक्षर येत होते म्हणून. ठेलाऱ्याच्या घरीही अक्षराची अडचण पावलोपावली जाणवते. व्यापाऱ्याची पावती, बँकेचे पुस्तक, जातीचा दाखला, लसीकरणाची नोंद, मेंढी मेली तर भरपाईचा अर्ज, या प्रत्येक कागदापुढे माणसाचे चेहरे वाचणारा आणि आभाळ वाचणारा माणूस अंगठा पुढे करतो. शे-दोनशे मेंढ्या अंधारात ओळखणाऱ्या बापाला आपल्या नावाची तीन अक्षरे ओळखता येत नाहीत, ही गोष्ट त्याच्या मुलांना लहानपणीच कळते आणि ती त्यांना बोचते.

म्हणून दर वर्षी जून महिन्यात, वाडा गावी परतलेला असताना, प्रत्येक घरात एक प्रश्न उभा राहतो: यंदा कोणाला शाळेत ठेवायचे? आजी-आजोबा गावी राहू शकत असतील, तर एक-दोन मुले त्यांच्याजवळ ठेवता येतात. नाहीतर आश्रमशाळेचे वसतिगृह असते. परंतु कोकरे सांभाळायला घरातली मुलेच लागतात. गडी ठेवण्याची ऐपत फारच थोड्यांची. बहुधा असे होते की, एकाला शाळेत घालतात आणि दुसऱ्याला कळपामागे नेतात. आणि कळपामागे जाणारी पुष्कळदा मुलगी असते. दोन भावंडांपैकी एकाला माळ मिळतो आणि दुसऱ्याला पुस्तक. जो शाळेत राहिला, तो दहा-बारा वर्षांनी मेंढ्यांना पारखा होतो. जी कळपामागे गेली, ती कागदाला पारखी राहते. 2009 साली झालेल्या आणि 1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला आहे. मात्र हक्काचे घर एका जागी आणि मूल दुसऱ्या जागी, अशी स्थिती असेल तेथे दोघांची गाठ घालून देणे हे काम कायद्याहून अवघड ठरते.

हा पेच महाराष्ट्रात फार पूर्वी एका बाईंच्या ध्यानी आला होता. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले आणि 1945 साली, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे, अनुताई वाघ यांना बरोबर घेऊन ग्रामीण बालशिक्षणाच्या कार्यास आरंभ केला. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले शाळेत येत ना. कारण सकाळ झाली की त्यांना गुरे घेऊन रानात जावे लागे. मुलांना किंवा त्यांच्या आईबापांना दोष देणे सोपे होते. ताराबाई व अनुताई यांनी तो मार्ग सोडून शाळाच रानात नेली. गुरे जेथे चरत, तेथे शिक्षकाने जायचे आणि गुरे राखता राखता झाडाखाली मुलांना शिकवायचे. या शाळेला त्यांनी ‘कुरणशाळा’ असे नाव दिले. पाने, बिया, खडे हीच तिची साधने होती. मूल जे जाणते तेथून आरंभ करायचा आणि अक्षरापर्यंत जायचे, ही तिची रीत होती. ताराबाईंना 1962 साली पद्मभूषण आणि अनुताईंना 1985 साली पद्मश्री हे सन्मान मिळाले. पण या दोघींची कुरणशाळा हा त्यांचा खरा मोठेपणा होय.

कोसबाडची गुरे सायंकाळी घरी परत येत. ठेलाऱ्यांचा वाडा मात्र परत येत नाही, तो पुढे जातो. तेथे शिक्षकाने काय करावे?

पृथ्वीच्या अगदी उत्तरेस, जेथे हिवाळ्यात सूर्य उगवत नाही, तेथील लोकांनाही हाच प्रश्न पडला होता. स्कँडिनेव्हियाच्या उत्तर भागात सामी लोक रेनडिअर नावाच्या हरणांचे कळप पाळतात. स्वीडनच्या सरकारने 1913 साली त्यांच्यासाठी भटक्या शाळांचा कायदा केला. कळपामागे फिरणाऱ्या कुटुंबांच्या लहान मुलांना त्यांच्या तंबूंसारख्याच झोपड्यांत शिकवावे, अशी त्यात योजना होती. वरवर पाहता ही कुरणशाळाच वाटते. परंतु तिच्या मागचा हेतू निराळा होता. सामींनी सामीच राहावे, त्यांना इतर मुलांइतके शिक्षण देऊ नये, चांगल्या घरांची चटक लावू नये, असा राज्यकर्त्यांचा विचार होता. आणि म्हणून त्या शाळांतील शिक्षण इतर शाळांच्या मानाने तोकडे ठेवण्यात आले. रशियाच्या यामाल द्वीपकल्पावरील नेनेत्स लोकांची कथा याच्या उलट. तेथे मुले साधारण सात वर्षांची झाली, म्हणजे त्यांना गावातील वसतिगृहात नेतात. बर्फाळ प्रदेशात रस्ते नसल्यामुळे त्यांना न्यायला हेलिकॉप्टर येते. शिक्षण पूर्ण मिळते. पण वर्षातले कितीतरी महिने आईबाप, बोली आणि कळप या तिन्हींपासून मूल दूर राहते. एके ठिकाणी मुलाला कळप मिळाला आणि शिक्षण अपुरे मिळाले. दुसरीकडे शिक्षण मिळाले आणि कळप सुटला. साक्रीच्या माळावर दर जून महिन्यात जी वाटणी होते, तीच ही!

सैबेरियातील याकुतिया प्रांताने 2008 साली निराळा प्रयत्न केला. शिक्षकाने, आणि काही ठिकाणी शिकलेल्या आईने किंवा बापानेच, कळपाबरोबर राहून मुलांना शिकवावे आणि त्यास रीतसर शाळा समजावे, असा कायदा तेथे झाला. घर हीच शाळा आणि आई हीच शिक्षिका, पण परीक्षा व दाखला मात्र इतर मुलांसारखाच, अशी ही व्यवस्था आहे. महाराष्ट्रातही स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली आहेत, आणि एका गावची शाळा सोडून जाणाऱ्या मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेने सामावून घ्यावे म्हणून शिक्षण हमी पत्रकाची सोय झाली आहे. ऊसतोडणीसाठी जाणारी कुटुंबे एकाच कारखान्याच्या परिसरात काही महिने राहतात. त्यांना अशा योजनांचा उपयोग होऊ शकतो. दर तीन दिवसांनी गाव बदलणाऱ्या वाड्याला तो थोडाच होतो.

या मधल्या काळात वाडा स्वतःही बदलत चालला आहे. पूर्वी मेंढीची लोकर हे उत्पन्नाचे मोठे साधन होते. तिची घोंगडी विणली जात. आता घोंगडीला गिऱ्हाईक कमी झाले आणि कातरणीचा खर्चही लोकरीतून निघेनासा झाला. मेंढी आता मुख्यतः मांसासाठी विकली जाते. तापीच्या खोऱ्यात बागायत वाढली. जेथे फाल्गुनात रान मोकळे पडे, तेथे बारमाही केळी उभी असते. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यात एकमेकांना मिळतात. भरधाव गाड्यांमधून कळप पलीकडे नेणे हे लांडग्यापेक्षा भयंकर काम आहे, असे म्हातारी माणसे म्हणतात. मात्र तट्टाच्या पाठीवर आता एक नवी वस्तू दिसते: सूर्याच्या उन्हावर वीज तयार करणारी लहानशी तबकडी. तिच्यावर मोबाइल फोन चालतो. कोणत्या गावी पाऊस झाला, कोठे रान मोकळे आहे, हे आता वाड्याला आधी कळते.

वळवाचा पाऊस झाला की वाडा पुन्हा साक्रीच्या वाटेला लागतो. घरी आल्यावर पहिले काम मेंढ्यांना जंताचे औषध पाजण्याचे. सात-आठ महिने आजीजवळ राहून शाळेत गेलेला मुलगा औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर वाचतो: किती किलो वजनाला किती मिलिलिटर. तो बोटावर हिशेब करतो आणि मोजून औषध नळीत भरतो. कळपामागे गेलेली त्याची बहीण एकेका मेंढीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहते. ती पांढरी पडली असेल, तर अंगात रक्त कमी आहे हे तिला समजते. “ही आधी,” ती म्हणते, आणि दोनशेंतून एक मेंढी पुढे ढकलते. भाऊ नळी पुढे करतो. थोड्या वेळाने, मेंढी सोडून दिल्यावर, बहीण बाटली हातात घेते आणि त्यावरच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवून, हे काय, असे त्याला विचारते.